कडू कोणते आणि तिखट कोणते?

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा निरोप आला तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. सातवीपर्यंत शिकलेल्या बाईने इतिहासावर काय लिहावे? परंतु आमच्या घरात घडलेली एक चूक काही वर्षे मनात सलत होती. तिचा शोध घेता घेता मी मानमोडीच्या लेण्यांपर्यंत आणि ज्ञानेश्वरीपर्यंत जाऊन पोचले. तेच येथे भगिनींपुढे ठेवते.

आमच्या आत्याबाईंना, म्हणजे सासूबाईंना, आम्लपित्ताचा त्रास फार. छातीत जळजळ, आंबट ढेकरा, रात्र रात्र झोप नाही. इकडची औषधे झाली, मग पुण्यास एका वैद्यांकडे नेले. वैद्य चांगले होते. त्यांनी पुड्या दिल्या आणि पथ्य कागदावर लिहून दिले: ‘कटु, अम्ल, लवण वर्ज्य. तिक्त व मधुर घ्यावे.’ घरात असले कागद वाचण्याचे काम माझे. अम्ल म्हणजे आंबट, लवण म्हणजे मीठ, मधुर म्हणजे गोड, एवढे कुणालाही कळते. कटु म्हणजे कडू, हेही उघडच दिसत होते. आणि तिक्त म्हणजे तिखट, कानाला अगदी तसेच लागते. मी क्षणभरही थांबले नाही. आत्याबाईंची मेथी बंद केली, कारले बंद केले. मासवडीचा झणझणीत रस्सा आणि हिरव्या मिरचीचा ठेचा मात्र त्यांच्या ताटात वाढू लागले. वैद्यांनीच सांगितले आहे म्हटल्यावर त्यांनीही काही म्हटले नाही.

दोन महिने असे चालले. जळजळ वाढतच गेली. औषधाने गुण येत नाही म्हणून मी त्यांनाच टोचून बोलू लागले. “चोरून मेथी खाता काय? पथ्य पाळायचे नाही तर पुण्याचे हेलपाटे कशाला?” असे एकदा चारचौघींत बोलले. आत्याबाईंनी उत्तर दिले नाही. त्या रात्री जेवल्याही नाहीत.

पुढच्या खेपेस वैद्यांनी विचारले, जेवणात काय काय असते? मी सारे सांगितले. ते काही वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “बाई, आमच्या शास्त्रात कटु म्हणजे तिखट, आणि तिक्त म्हणजे कडू.” परत येताना एसटीत आम्ही दोघी एकमेकींशी बोललो नाही. खेड मागे पडले, मंचर आले, तेव्हा आत्याबाई खिडकीबाहेर पाहत एवढेच म्हणाल्या, “म्हंजे कारलं चाललं असतं की गं मला.”

तेव्हापासून माझ्या मनाने घेतले, की हे शब्द असे उलटे कोणी केले ते पाहायचेच.

वैद्यांच्या जुन्या ग्रंथांत सहा रस सांगितले आहेत: मधुर, अम्ल, लवण, कटु, तिक्त, कषाय. आपल्या बोलीत अनुक्रमे गोड, आंबट, खारट, तिखट, कडू, तुरट. चौथ्या आणि पाचव्या जागी आपण फसतो. याची खूण आपल्या घरातच आहे. सर्दी-खोकल्यावर मधातून त्रिकटु चूर्ण देतात. त्रिकटु म्हणजे तीन कटु पदार्थ: सुंठ, मिरे आणि पिंपळी. यांतले कडू एकही नाही, तिन्ही तिखट. डबीवरचे नाव मी कितीदा वाचले असेल, पण ते जिभेशी ताडून पाहावे असे कधी सुचले नाही.

आता शब्द कसे बनले ते पाहू. तिखट हा शब्द तिक्त यापासून आलेला नाही, तो तीक्ष्ण या शब्दापासून आला आहे. तीक्ष्ण म्हणजे धारदार, टोकदार. त्याचे प्राकृतात तिक्ख झाले, मग तीख झाले, आणि पुढे आपण त्याला ट जोडला. हा ट मोठा गमतीचा आहे. आंबट, खारट, तुरट, तिखट या चारही चवींच्या शेवटी तो बसला आहे. गोड आणि कडू तेवढे त्यातून सुटले. कडूला ट लावला तर कडवट होते, पण त्याचा अर्थ थोडेसे कडू असा होतो. तिखटाचे तसे नाही. ‘थोडेसे तीख’ अशा अर्थाने तिखट कोणी म्हणत नाही.

कडू हा मात्र खरोखर कटु या शब्दाचाच मुलगा. ट चा ड झाला. घोटक या संस्कृत शब्दाचा घोडा झाला, तसाच. या ट-ड च्या बदलाचा पुरावा आपल्या जुन्नरलाच दगडावर कोरलेला आहे, हे मला कळले तेव्हा अंगावर काटा आला. मानमोडीच्या डोंगरातील लेण्यांत सातवाहन काळातील प्राकृत लेख आहेत. त्यांतल्या एका लेखात एका शक उपासकाने दिलेल्या शेतजमिनीची नोंद आहे. करंजाच्या झाडांच्या नावे वीस निवर्तने आणि वडाच्या झाडांच्या नावे नऊ निवर्तने. निवर्तन हे त्या काळचे जमीन मोजण्याचे माप. त्या लेखात संस्कृत ‘वट’ नाही, आपला ‘वड’ आहे! ज्येष्ठी पौर्णिमेला आपण ज्याला सूत गुंडाळतो त्याच झाडाचे नाव, जवळजवळ आपल्याच तोंडातले, अठराशेहून अधिक वर्षांपूर्वी येथे कोरले गेले. वटाचा वड झाला त्याच रीतीने कटूचा कडू झाला. योगायोग असा की त्याच लेखातला करंज हे कडू झाड. करंजेल ज्याने खरजेला लावले असेल त्याला त्या तेलाचा वास आणि कडवटपणा वेगळा सांगायला नको.

नाणेघाटातला सातवाहन राणीचा लेख तर याहूनही जुना. विद्वान त्या राणीचे नाव नागनिका असे सांगतात. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतून घाटावर येणारा माल त्या वाटेने जुन्नरकडे येई. घाटमाथ्यावरचा मोठा दगडी रांजण आपल्यापैकी पुष्कळजणींनी सहलीत पाहिला असेल. तो जकातीचा रांजण असे म्हणतात. त्या लेखात ‘महारठि’ हा शब्द आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. तो मागताना नाणेघाटाच्या लेखाचाही दाखला देण्यात आला होता. पेपरात ते वाचून मला वाटले, एवढी जुनी भाषा, मग तिच्या दोन चवींची नावे तरी मी नीट समजून घ्यायला हवी होती.

तर शब्दांचे बाप कळले. पण कटु हा तिखटाच्या घरचा, तो कडूच्या घरी राहायला केव्हा गेला?

माझा पहिला तर्क असा होता, की हा सारा गोंधळ मिरचीने केला असेल. मिरची आपली नव्हे, हे आता शाळेतली मुलेही सांगतात. ती अमेरिका खंडातली. कोलंबस १४९२ साली तिकडे गेला, वास्को द गामा १४९८ साली कालिकतला उतरला, आणि १५१० साली पोर्तुगीजांनी गोवा घेतला. त्यांच्या जहाजांतून मिरची आपल्या किनाऱ्याला आली. नवी तिखट वस्तू आली, तेव्हा जुन्या शब्दाला जागा सोडावी लागली असेल, असे मला वाटले. जावेलाही मी तसेच सांगून टाकले होते.

तो तर्क चुकीचा निघाला, आणि तो चुकीचा ठरवला माउलींनी. आमच्याकडे सप्ताहात ज्ञानेश्वरीचे पारायण असते. ज्या रेड्याच्या मुखातून वेद वदवले त्याची समाधी आपल्या तालुक्यात आळे येथे आहे, त्यामुळे माउली आपल्याला घरच्याच. सतराव्या अध्यायात राजस माणसाला कोणते अन्न आवडते ते आले आहे. गीतेच्या श्लोकात कटु आणि तीक्ष्ण असे दोन वेगवेगळे शब्द आहेत. माउलींनी कटु याचा अर्थ ‘कडुवट’ असा केला आणि त्याला काळकूट विषाची उपमा दिली. तीक्ष्ण याला त्यांनी ‘तीख’ म्हटले, आणि घाव न घालता आत रुतणारे असे त्याचे वर्णन केले. पारायणात मी त्या ओव्या कितीतरी वेळा म्हटल्या होत्या. त्या वर्षी मात्र म्हणता म्हणता थबकले आणि शेजारच्या बाईने मला कोपर मारले.

ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, म्हणजे १२९० सालची. मिरची यायला अजून दोनशेहून अधिक वर्षे होती. म्हणजे कटु हा शब्द लोकांच्या तोंडी तेव्हाच कडूच्या घरी नांदत होता आणि तीख हा तिखटाच्या घरी. मिरचीचा दोष नाही. जावेपाशी मला माझे बोलणे परत घ्यावे लागले.

आणि नीट पाहिले तर जुन्या संस्कृतातही ही भिंत फार पक्की नव्हती. कुटकी नावाची मुळी आहे, ती तापावर आणि यकृतावर देतात. अस्सल कडू. तिचे संस्कृत नाव कटुका, आणि दुसरे नाव तिक्ता! एकाच मुळीला दोन्ही नावे. म्हणजे वैद्यांनी सहा खाने करून ठेवले तरी लोक जीभ पोळवणारे आणि जीभ कडू करणारे दोन्ही कटु म्हणत असावेत, आणि पुढे पुढे त्यातले एकच उरले. उत्तर हिंदुस्थानात मोहरीच्या तेलाला अजून ‘कडवा तेल’ म्हणतात. मोहरीचे तेल नाकात झोंबते, कडू नसते. म्हणजे तेथे कडवा या शब्दाने जुन्या घराची किल्ली अजून कमरेला ठेवली आहे. बंगाल्यांनी तिक्त हा शब्द सोडला नाही. ते कडूला तेतो म्हणतात. आपण तो सोडला, म्हणून वैद्यांच्या कागदावर तो दिसला तेव्हा मी त्याला ओळखले नाही, आणि तिखटाचा भाऊ समजून घरात घेतले.

मिरचीने शब्द उलटवले नसले, तरी एक मोठी गोष्ट केली. त्याआधी तिखटपणा यायचा तो मिऱ्यांचा, पिंपळीचा, सुंठीचा, आल्याचा, मोहरीचा. मिरे मलबारचे, म्हणजे विकतचे. गरिबाच्या घरी ते काढ्यापुरते. मिरची मात्र परसात येते. दोन झाडे लावली की घरापुरते भागते. तिला नाव दिले ते मिऱ्यावरूनच. कर्नाटकातही मेणसु म्हणजे मिरे, आणि मिरचीला ते मेणसिनकायी म्हणतात. नव्या सुनेला जुन्या नात्याने हाक मारावी तसेच हे. पण ही सून अशी निघाली, की चवीचे नावच तिने आपल्या नावावर करून घेतले. ‘पावशेर तिखट द्या’ म्हटले की दुकानदार मिरचीची पूड देतो, मिरपूड देत नाही. सातगाव पठाराचा बटाटा, नारायणगावच्या बाजारातला टोमॅटो आणि आपली मिरची, तिन्ही अमेरिकेकडची. यांच्यावाचून आज आपल्या दोन तालुक्यांची चूल पेटत नाही आणि कित्येकांचा संसारही चालत नाही.

अलीकडचे शास्त्र तर म्हणते की तिखट ही चवच नव्हे. गोड, आंबट, खारट, कडू या जिभेच्या चवी. मिरची खाल्ल्यावर होते तो दाह. अंगाला चटका बसला की जी जाणीव होते तीच मिरचीने जागी होते. हे कसे घडते ते मिरचीतल्याच द्रव्याच्या साहाय्याने शोधून काढल्याबद्दल डेव्हिड ज्युलियस या अमेरिकन शास्त्रज्ञाला २०२१ साली नोबेल पारितोषिक मिळाले, दुसऱ्या एका शास्त्रज्ञाबरोबर विभागून. आपल्या पूर्वजांनी या जाणिवेला चवीचा शब्द न देता हत्याराचा शब्द दिला, तीक्ष्ण. मला वाटते त्यांची जीभ बरोबर होती.

कडूचे वेगळे. कडू ही खरी चव आणि ती पहाऱ्यावर बसलेली असते. पुष्कळ विषारी पाने-फळे कडू असतात, म्हणून तान्हे मूलही कडू जिभेला लागले की थुंकते. दुधी, काकडी, दोडका चिरताना आपण टोकाची फोड चाखून पाहतो. ती जुनी रीत सोडू नये. कडू निघालेल्या दुधीचा रस औषध म्हणून पिऊन माणसे दगावलेली आहेत. माउलींनी कडूला काळकुटाची उपमा दिली ती उगीच नाही.

आता जिभेचे दुसरे काम, म्हणजे बोलणे. तेथे तर चवींचे राज्यच आहे. तोंड आंबट करणे, गोड बोलणे, तिखटमीठ लावून सांगणे, नाकाला मिरच्या झोंबणे, कडू घोट गिळणे. मी एक दिवस बसून बोलण्याचे प्रकार मोजू लागले. तिखट बोलणे, फटकळ बोलणे, खोचक, टोचून, लागट, झोंबरे, कुजकट, खवचट, तुसडे, कडवट. हे सारे सारखे नव्हेत. फटकळ बाई मनातले सगळ्यांदेखत बोलून मोकळी होते आणि संध्याकाळी वाटीभर कालवण घेऊन दारात उभी राहते. खवचट बोलणारी हसत हसत बोलते, आणि त्यातला काटा ऐकणारीला घरी गेल्यावर सापडतो. कुजकट म्हणजे आतल्या आत आंबून नासलेले, त्याला वास येतो. तिखट आणि कडवट यांतला फरक तर प्रत्यक्ष जिभेसारखाच आहे. तिखट लागले की डोळ्यांत पाणी येते, हायहुय होते, आणि थोड्या वेळाने ओसरते. कडवट मागे राहते. पाणी प्यावे तरी घशाशी असतेच. मी आत्याबाईंना चारचौघींत बोलले ते तिखट होते अशी माझी समजूत होती. त्या रात्रीचे त्यांचे न जेवणे आठवले की कळते, ते तिखट नव्हते.

एक गोष्ट मात्र मला खटकते. ‘जिभेची तिखट’ हे शब्द बाईसाठी जेवढे वापरले जातात तेवढे पुरुषासाठी नाहीत. पुरुष तसा असला की तो स्पष्टवक्ता. दिवंगत विठाबाई नारायणगावकर (१९३५–२००२) यांच्या फडातले तिखट बोल ऐकायला गावेच्या गावे लोटत, शिट्ट्या-टाळ्या पडत. तेच लोक घरी आले आणि सुनेने त्याच्या पाव हिश्श्याने तिखट बोलले, तर ते चालत नसे. लवंगी मिरची हे नावही बाईलाच. मी काही त्याचे वाईट वाटून घेत नाही, नाव चांगले आहे.

पुरुषांच्या राजकारणात मात्र हाच तिखटपणा मानाचा ठरला. १९०७ साली सुरतेच्या काँग्रेसमध्ये फूट पडली. टिळकांच्या बाजूचे ते जहाल आणि गोखल्यांच्या बाजूचे ते मवाळ. जहाल हा शब्द आपण कशाला लावतो? मिरचीला, तंबाखूला, विषाला. मवाळ म्हणजे सौम्य. दोन्ही शब्द थेट स्वयंपाकघरातून काँग्रेसच्या मांडवात गेले, आणि मग इतिहासाच्या पुस्तकात. परीक्षेत त्यांच्यावर प्रश्न येतो, पण ते आले कोठून हे माझ्या शाळेत तरी कोणी सांगितले नव्हते.

कडू या शब्दाची एक बाजू लिहू की नको, असे झाले होते. पण आपल्या मंडळात लपवाछपवी नको म्हणून लिहिते. जुन्या काळी, पेशवाईत आणि त्याआधीही, मोठ्या घरांतून बटकी आणि कुणबिणी ठेवीत. त्या विकत घेतल्या जात, दिल्या-घेतल्या जात. त्यांच्या पोटी घरधन्यापासून झालेल्या मुलांना ‘कडू’ म्हणत, लेकावळे म्हणत. आणि लग्नाच्या बायकोची ती ‘गोड’. सोयरीक जमवताना कडू की गोड हे आधी विचारले जाई. १८४३ च्या कायद्याने गुलामगिरीला कायद्याचा आधार उरला नाही, कुणबिणी गेल्या. पण शब्द राहिला. आजही आपल्याकडे राग आला, की पोराला ‘कडू बेणं’ म्हणतात. बोलणाराला त्याचा अर्थ ठाऊक नसतो. मलाही ठाऊक नव्हता, मी माझ्या धाकट्याला कितीदा म्हटले आहे. त्या शब्दात कोण्या एका विकत घेतलेल्या बाईचे हाल आहेत हे कळल्यावर आता तो तोंडातून निघत नाही. निघालाच तर अर्ध्यावर गिळते.

आणि याच शब्दाचा केवढा मान पाहा! बाळकडू. तान्ह्या बाळाला कडू औषधी उगाळून चाटवीत, ते बाळकडू. शिवनेरीवर १६३० साली शिवराय जन्मले. जिजाऊसाहेबांनी त्यांना स्वराज्याचे बाळकडू पाजले, असे आपण प्रत्येक शिवजयंतीला ऐकतो. गोड पाजले असे कोणी म्हणत नाही. आईने दिलेले कडू ते बाळकडू, आणि ज्या आईला घरात हक्क नव्हता तिचे मूल कडू. शब्द तोच. (आताचे डॉक्टर सांगतात, की पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाखेरीज काहीही देऊ नये, गुटीसुद्धा नाही. नातवंडांच्या बाबतीत तेच ऐकावे.)

पाडव्याला आपण कडुलिंबाची पाने गूळ, मिरे, हिंग, ओवा घालून वाटतो. आपल्या घाटावर नुसते लिंब म्हटले तरी कडुलिंबच समजतात, फळाला लिंबू म्हणतात. तरी झाडाच्या नावामागे ‘कडू’ जोडून घेतले, कारण दुसरा गोडनिंब आहे, फोडणीत घालतो तो कढीपत्ता. त्या पाडव्याच्या गोळीत मिरे घातले की वैद्यांचे कटु आणि तिक्त एकाच चिमटीत येतात, हे माझ्या ध्यानात आत्ता लिहिताना आले.

माझे माहेर आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम अंगाचे, भीमाशंकरकडचे. तेथे हिरड्याची झाडे. आंबेगाव आणि जुन्नर या दोन्ही तालुक्यांच्या डोंगरपट्ट्यात महादेव कोळी समाजाची माणसे झाडावर चढून हिरडा उतरवतात. कोवळा सुकवला की बाळहिरडा. औषधाला जातो, कातडी कमावायलाही जातो. कित्येक घरांचे वर्षाचे मीठमिरची त्या पैशांवर असते. वैद्य म्हणतात, हिरड्यात सहांपैकी पाच रस आहेत, एक लवण तेवढा नाही. म्हणजे माझ्याकडून घोळ झालेले कटु आणि तिक्त दोन्ही त्या एका फळात सुखाने नांदतात. लहानपणी आम्ही बाळहिरडा तोंडात धरून विहिरीवर जायचो. तोंड आधी तुरट, मग कडू व्हायचे, आणि वर पाणी प्यायलो की पाणी गोड लागायचे. कोणाचे पाणी जास्त गोड, यावर भांडणे व्हायची.

आत्याबाईंचे पथ्य पुढे नीट पाळले गेले आणि जळजळ पुष्कळ कमी झाली. मेथी, कारले, पडवळ आठवड्यातून दोन-तीनदा होते. ठेचा आम्हा बाकीच्यांपुरता. वैद्यांचा तो कागद मी टाकला नाही. त्यावर प्रत्येक शब्दाखाली मी पेनाने आपला शब्द लिहिला आहे: कटुखाली तिखट, तिक्तखाली कडू. तो मिसळणाच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवला आहे. आत्याबाईंना वाचता येत नाही. पण कोणी पाहुणी आली आणि आजाराचा विषय निघाला, की डबा उघडून त्या तिला कागद दाखवतात आणि म्हणतात, “आमच्या सूनबाईनं हे सुधरवून लिवलंय.” त्याआधी काय झाले होते ते सांगत नाहीत.

ज्या भगिनींच्या घरी, माहेरी किंवा रानात चवीचे आणि बोलण्याचे याहून वेगळे शब्द असतील, त्यांनी ते मला मंडळाच्या बैठकीत जरूर सांगावेत. मी वहीत उतरून घेत आहे. आतापर्यंत दोन पाने भरली आहेत.